एका न्यायाधीशाच्या मताला किती वजन? वाचकांचे प्रश्न

न्यायालये आणि राजकारण या विषयावर या वेळी इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याहून बरीच पत्रे आली. बहुतेकांची मूळ शंका एकच आहे: निवडून न आलेली मोजकी माणसे देशाचा कायदा आणि राज्यकारभार बदलतात तरी कशी? सगळी पत्रे छापणे शक्य नाही. ज्यांच्या उत्तरांचा उपयोग इतरांनाही होईल अशी निवडली आहेत.

संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा सरकारचा हुकूम सुप्रीम कोर्टाने मोडला, असे घरात ऐकत आलो. तरीही तनखे बंद झालेच. मग त्या निकालाला अर्थ काय उरला?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

न्यायालयाच्या हातात काय असते आणि काय नसते, हे दोन्ही या खटल्यात दिसते. तनखे (संस्थाने विलीन केल्याबद्दल सरकारकडून संस्थानिकांना मिळणारी वार्षिक रक्कम) रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक १९७० मध्ये लोकसभेत मंजूर झाले. ५ सप्टेंबरला राज्यसभेत मतदान झाले तेव्हा बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. दोन-तृतीयांशासाठी १५० हवी होती. विधेयक पडले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने देशभरातल्या सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. मान्यता गेली की तनखाही जातो, असा हिशेब होता.

माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक न्यायालयात गेले. १५ डिसेंबर १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने आदेश रद्द केला. मुख्य निकालपत्र न्या. जे. सी. शहा यांचे. घटनेच्या कलम ३६६(२२) मधला अधिकार अमुक व्यक्तीला संस्थानिक म्हणून मान्यता देण्याचा आहे. तनख्याची हमी देणारे कलम २९१ घटनेत जिवंत असताना तो अधिकार वापरून संस्थानिक ही गोष्टच एका फटक्यात पुसता येणार नाही, हे त्यातले मुख्य कारण. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी वेगळे निकालपत्र लिहून याच निष्कर्षाला साथ दिली आणि दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती तेच. विरोधी मत देणाऱ्यांत न्या. ए. एन. राय होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

नंतर लोकसभा विसर्जित झाली, १९७१ च्या निवडणुकीत सरकार मोठ्या बहुमताने परतले आणि डिसेंबर १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने कलम २९१ व ३६२ रीतसर काढून टाकण्यात आले. ती दुरुस्ती १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकली. म्हणजे तनखे बंद करू नका, असे न्यायालयाने कधीच म्हटले नव्हते. राज्यसभेत जे मिळाले नाही ते राष्ट्रपतींच्या सहीने मिळवता येणार नाही, एवढे म्हटले होते. आमच्या मते त्या निकालाची खरी किंमत तीच आहे. तनख्यांबद्दल कोणाला काहीही वाटो, संसदेला टाळून घटनेतली तरतूद निकामी करण्याची वाट तिथे बंद झाली.

घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत एका मताने, सात विरुद्ध सहा, ठरला. एवढी मोठी गोष्ट एका माणसावर अवलंबून असावी का? आणि ही कल्पना आली कुठून?
– एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूळ चौकट मोडू शकत नाही, असा हा सिद्धांत. एका माणसावर ही गोष्ट अवलंबून नव्हती, हे मागचा-पुढचा क्रम पाहिला की कळते.

संसद मूलभूत हक्कांनाही हात लावू शकते, असे सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये शंकरी प्रसाद खटल्यात म्हटले होते. १७ व्या घटनादुरुस्तीविरुद्धचा सज्जनसिंह खटला आला तेव्हा पाच जणांच्या पीठाचे अध्यक्ष होते साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यांनी बहुमताच्या निकालात जुनेच मत कायम केले. त्याच पीठावर वऱ्हाडातल्या मुधोळकर घराण्यातले न्या. जनार्दन मुधोळकर होते. याचिका फेटाळायला त्यांचीही संमती होती, पण आपल्या स्वतंत्र मतात त्यांनी एक प्रश्न लिहून ठेवला: घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे ही निव्वळ दुरुस्ती मानायची, की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे? आणि ते नव्याने लिहिणे असेल, तर घटनादुरुस्तीचे कलम ३६८ त्याची मुभा देते का? प्रश्नाला आधार म्हणून त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा एक निकाल घेतला. उत्तर त्यांनी दिले नाही, प्रश्न उघडा ठेवला. निकालावर त्याचा काडीइतकाही परिणाम झाला नाही.

१९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या बाजूने सहा विरुद्ध पाच असा कौल लागला आणि मूलभूत हक्कांना संसदेने हातच लावू नये, असे ठरले. हे फार ताणलेले मत होते. जमीन सुधारणा अडतील याची जाणीव असल्याने निकाल फक्त पुढच्या काळाला लागू केला गेला.

मग आला केशवानंद भारती खटला. तेरा न्यायाधीश, ६८ दिवसांची सुनावणी, अकरा निकालपत्रे. २४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला. संसदेवर मर्यादा आहेत असे मानणारे सहा आणि नाहीत असे मानणारे सहा, यांच्या मधोमध न्या. हंसराज खन्ना उभे होते. मूलभूत हक्कांतही दुरुस्ती होऊ शकते म्हणत त्यांनी गोलकनाथ नाकारला. मात्र ‘दुरुस्ती’ म्हटले की मूळ वस्तू टिकून राहिली पाहिजे, चौकटच मोडली तर ती दुरुस्ती नव्हे, असे त्यांनी लिहिले. सातवे मत ते हे. लगेच दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ असलेल्या शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून न्या. राय यांना सरन्यायाधीश नेमल्याचे जाहीर झाले. तिघेही सरकारविरुद्ध गेलेल्या सातांपैकी होते. तिघांनीही राजीनामे दिले.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर सातांचा सिद्धांत पुढच्या पीठाने सहज पुसला असता. तसा प्रयत्नही झाला: नोव्हेंबर १९७५ मध्ये सरन्यायाधीश राय यांनी फेरविचारासाठी तेरा जणांचे पीठ बसवले आणि दोन दिवसांत ते बरखास्त करावे लागले. सिद्धांत खरा पक्का झाला तो विरोधकांच्या हातून. १९७३ च्या सहा विरोधकांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात बहुमताचा कौल आपल्याला बांधील आहे असे मानून त्यांनी तोच सिद्धांत लावला आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढणारा ३९ व्या दुरुस्तीचा भाग रद्द करण्यात सामील झाले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात तर सरन्यायाधीश म्हणून बहुमताचे निकालपत्र त्यांनीच लिहिले. आपले मत हरल्यावर जिंकलेल्या मताला कायदा मानून पुढे चालणे ही न्यायाधीशाची सर्वांत मोठी कसोटी आहे, आणि या विषयावर लिहिणारे तिच्याकडे फार कमी लक्ष देतात. मुधोळकरांचा प्रश्न, खन्नांचे उत्तर आणि चंद्रचूडांचे पालन यांतला एक दुवा काढला तरी आजची चौकट उरत नाही.

शाहबानो खटला आमच्या इंदूरचा. कोर्टाने दिले ते संसदेने काढून घेतले, मग पुन्हा कोर्टाने दिले, असे ऐकतो. नेमके काय झाले? आज पोटगी मागायची तर काय करावे?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

१९७८ मध्ये इंदूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शाहबानो यांनी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पतीकडून पोटगी मिळावी म्हणून अर्ज केला. मागणी महिना ५०० रुपयांची होती, जी तेव्हा कायद्याची कमाल मर्यादाच होती. मंजूर झाले २५ रुपये. उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. पती स्वतः वकील होते, ते सुप्रीम कोर्टात गेले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने अपील फेटाळले.

निकालाचा गाभा छोटा होता: कलम १२५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, घटस्फोटितेलाही. त्याला जोडून निकालपत्रात कुराणातल्या आयतांचा अर्थ आणि समान नागरी कायद्याबद्दलची खंत आली. निकाल देण्यासाठी यातला बराचसा मजकूर आवश्यक नव्हता, पण वादळ उठले ते प्रामुख्याने त्यावरून. न्यायाधीशाने लिहिलेले अनावश्यक वाक्यही राजकारण हलवू शकते, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण आपल्याकडे नाही.

संसदेने १९८६ मध्ये मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा केला आणि पतीची जबाबदारी इद्दतीच्या (घटस्फोटानंतरच्या साधारण तीन महिन्यांच्या प्रतीक्षेच्या) काळापुरती आहे, असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला. कायद्याला आव्हान देणाऱ्यांत शाहबानोंचेच वकील दानियाल लतीफी होते. २००१ मध्ये पाच न्यायाधीशांनी कायदा रद्द केला नाही, त्यातले शब्द वाचण्याची दिशा बदलली: तरतूद इद्दतीच्या काळा‘पुरती’ नव्हे, इद्दतीच्या काळा‘त’ करायची, आणि ती पुढच्या आयुष्याला पुरेल अशी. १० जुलै २०२४ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की १९८६ चा कायदा असला तरी कलम १२५ ची वाटही खुली आहे.

आता व्यवहाराचे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. इंदूरला अर्ज कुटुंब न्यायालयात करायचा. पती राहतो ते, पत्नी राहते ते, किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले ते, यांपैकी कुठलेही ठिकाण चालते. अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज द्यावा. पतीला नोटीस पोचल्यापासून तो शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे ठराविक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आहे.

प्रकरणे अडतात ती बहुधा याच प्रतिज्ञापत्रावर. रकाने कोरे राहतात, बँकेचे उतारे जोडलेले नसतात, किंवा घरगुती हिंसाचार कायद्याखाली आधी मिळालेल्या रकमेचा उल्लेख नसतो. तो उल्लेख दडवला तर अर्जदाराचीच बाजू कमजोर होते. दुसरी चूक थकबाकीची. वसुलीच्या वॉरंटासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. दोन-तीन वर्षे वाट पाहून एकदम मागितले तर जुन्या महिन्यांचे पैसे या मार्गाने अडकून बसतात.

पटवा सरकार हायकोर्टात जिंकले आणि सुप्रीम कोर्टात हरले. तरी बोम्मई निकाल राज्यांच्या बाजूचा का मानतात?
– एक वाचक, इंदूर

अयोध्येतल्या घटनेनंतर डिसेंबर १९९२ मध्ये मध्य प्रदेश (मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा), राजस्थान आणि हिमाचल प्रदेशची सरकारे राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ खाली बरखास्त झाली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मध्य प्रदेशापुरता आदेश रद्द केला. ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बोम्मई निकालात धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत चौकटीत मोडते या आधारावर तिन्ही बरखास्त्या योग्य ठरवल्या. दरम्यान मध्य प्रदेशात निवडणूक होऊन नवे सरकार आलेही होते.

पण त्याच निकालात, विशेषतः न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात, पुढच्या सगळ्या राज्यांना उपयोगी पडतील अशी बंधने घातली गेली. राष्ट्रपती राजवटीचा आदेश न्यायालय तपासू शकते. दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करायची नाही. आदेश घटनाबाह्य ठरला तर बरखास्त सरकार परत आणता येते. आणि बहुमत आहे की नाही हे राज्यपालांच्या दिवाणखान्यात नव्हे, सभागृहात ठरवायचे. ही शेवटची अट मार्च २०२० मध्ये भोपाळला लागली. सुप्रीम कोर्टाने १९ मार्चला आदेश दिला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हात वर करून मतदान घ्यावे. मुख्यमंत्री कमलनाथ यांनी त्याआधीच राजीनामा दिला.

कॉलेजियम घटनेत कोणत्या कलमात आहे?
– एक स्पर्धा परीक्षार्थी, ग्वाल्हेर

कोणत्याच नाही. कॉलेजियम म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुका सुचवणारा ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट. कलम १२४ मध्ये सरन्यायाधीशांशी ‘सल्लामसलत’ एवढेच आहे. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्या सल्ल्याला अग्रक्रम दिला. बहुमताचे निकालपत्र न्या. जे. एस. वर्मा यांचे, जे आधी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १९९८ च्या सल्लागार मतानंतर सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश अशी रचना ठरली. संसदेने आणलेला नियुक्ती आयोग २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. एकमेव विरोधी मत न्या. चेलमेश्वर यांचे. न्यायाधीशांनी नेमणुकीचा अधिकार स्वतःकडे घेतला, हा आक्षेप गंभीर आहे आणि १९७३ ची डावलणूक ज्यांना आठवते त्यांची भीतीही खरी आहे.

न्यायाधीशाने उघड चुकीचा निकाल दिला तर त्याला काढता येते का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

नाही. सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा असमर्थता, एवढीच दोन कारणे घटनेत आहेत. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, तिघांच्या समितीची चौकशी, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश, असा तो मार्ग आहे. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरचा प्रस्ताव लोकसभेतच पडला.

चुकीच्या निकालावरचा इलाज वेगळा: फेरविचार अर्ज, मोठे पीठ, किंवा घटनादुरुस्ती. आणीबाणीतला जबलपूर खटला पाहा. विनाचौकशी डांबलेल्यांना हेबिअस कॉर्पसचा (अटक कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे, असा) अर्ज करता येईल, असे नऊ उच्च न्यायालये म्हणत होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने ते दार लावले. चारांत यशवंत चंद्रचूडही होते, ज्यांचे वर कौतुक केले आहे. एकटे न्या. खन्ना विरोधात राहिले. भिन्नमत म्हणजे उद्याच्या शहाणपणाकडे केलेले अपील असते, हे अमेरिकेचे सरन्यायाधीश ह्यूजेस यांचे वचन त्यांनी आपल्या मतात घेतले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम २० आणि २१ (दुसरे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे) आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे केले. मूळ निकाल मात्र २०१७ पर्यंत पुस्तकात राहिला. त्या वर्षी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ जणांच्या पीठाने तो मोडीत काढला, आणि तसे लिहिणाऱ्यांत न्या. धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव, होते. दुरुस्ती झाली, पण ४१ वर्षांनी. आणीबाणी संपेपर्यंत कोठडीत राहिलेल्यांना तिचा उपयोग नव्हता. म्हणून ‘शेवटी सगळे ठीक होते’ असे आम्ही म्हणणार नाही.

कायद्याची पदवी नसलेल्या माणसाने निकालपत्र कसे वाचावे? वर्तमानपत्रातला मथळा आणि मूळ मजकूर जुळत नाहीत.
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बडोदा

सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर ई-एससीआर विभागात निकाल मोफत मिळतात, पुष्कळांची मराठी भाषांतरेही आहेत. भाषांतर समजून घेण्यापुरते. वाद झाला तर इंग्रजी मजकूरच प्रमाण.

पहिल्यांदा पीठ किती जणांचे ते पाहा. तिघांचा निकाल दोघांना मोडता येत नाही. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर कलम १४५(३) प्रमाणे किमान पाच हवेत. मग निकालपत्रे किती आणि कोण कोणाशी सहमत आहे ते कागदावर टिपून घ्या. केशवानंदसारख्या निकालात हे केल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही. सुरुवातीला छापलेला सारांश संपादकांचा असतो, न्यायाधीशांचा नव्हे, त्यातले वाक्य उद्धृत करू नका. यानंतर न्यायालयाने स्वतः मांडलेला मुद्दा शोधा. तो साधारण ‘विचारार्थ प्रश्न असा आहे’ अशा वाक्यात असतो. त्या प्रश्नाच्या उत्तराला लागणारे कारण तेवढे बंधनकारक, बाकीचे प्रासंगिक. मथळे बहुधा या प्रासंगिक भागातून आणि सुनावणीतल्या तोंडी शेऱ्यांतून येतात. तोंडी शेरा हा आदेश नसतो. शेवटची दोन पाने मात्र चुकवू नका, कारण प्रत्यक्ष हुकूम तिथे असतो: अपील मंजूर की नामंजूर, मुदत किती, आणि कलम १४२ खाली त्या एका प्रकरणापुरता खास आदेश दिला आहे का. तसा असेल तर आपल्या प्रकरणात त्याचा दाखला चालेलच असे नाही. सगळे वाचून झाल्यावर तो निकाल नंतर मोठ्या पीठाने बदलला आहे का, किंवा संसदेने कायदा दुरुस्त केला आहे का, हे तपासा. शाहबानो निकालाची १९८५ ची प्रत एकटीच वाचणाऱ्याला १९८६, २००१ आणि २०२४ चा पत्ताच लागणार नाही.